बेटावरची हवा आणि अळणी नवरात्र

"तुमच्याकडे काय, बाराही महिने उन्हाळाच!" हे वाक्य मी सुट्टीवर गावी गेले की घरी पोहोचेपर्यंत निदान तीन जणांच्या तोंडून ऐकते. पूर्वी हसून सोडून द्यायचे. आता नाही सोडत. म्हणते, वेळ आहे का, बसा, सांगते. मग समोरच्याला घड्याळ आठवतं.

माझ्या मुलीचंही तेच. ती दोह्यातच वाढली, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. "आई, इट्स जस्ट हॉट," एवढ्यात तिनं अख्ख्या कतारचं हवामान गुंडाळून टाकलं. दोह्याच्या बिन महमूद वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमधून बघितलं तर तिचं चुकत नाही. एसीतून लिफ्ट, लिफ्टमधून गाडी, गाडीतून शाळा. तिला ऋतू भेटणार कुठे? मला भेटले, कारण दीड वर्ष माझी नोकरी एका बेटावर होती.

उत्तरेला अल रुवैस नावाचं मासेमारीचं लहान गाव आहे. तिथून होडीनं पाऊण तासावर ते बेट. सपाट, खारट, माणसाच्या गुडघ्याहून उंच झाड नसलेलं, एका कडेला तेवढी खारफुटीची तिवरं. लोकांनी येऊन तिवरं आणि पक्षी बघावेत म्हणून आमची कंपनी तिथे धक्का आणि लाकडी पायवाट बांधत होती. मी तिथली सुरक्षा अधिकारी. म्हणजे जिला बघून लोक हेल्मेटचा पट्टा लावतात आणि जिची पाठ फिरली की सोडतात, ती बाई. पहाटे चारला घर सोडायचं आणि उजाडताना होडीत असायचं, हा माझा नेम होता.

तर ऋतू. डिसेंबरात त्या बेटावर वारा असा सुटायचा की बिहारचे, नेपाळचे, आपल्याकडचे सगळे गडी हेल्मेटखाली माकडटोपी घालून यायचे. जानेवारीत धुकं. अल रुवैसच्या धक्क्यावर आम्ही नऊ नऊ वाजेपर्यंत बसून राहायचो, समोर बांधलेली होडीही दिसायची नाही. पाऊस वर्षात मोजून चार-पाच दिवस, पण येतो तेव्हा सांगून येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये तर पश्चिमेकडून आभाळ काळं होतं आणि दहा मिनिटांत ताडपत्र्या समुद्रात. त्या वादळांना इकडे 'सरायात' म्हणतात. पहिल्यांदा मी बेटावर गारा वेचल्या तेव्हा फोटो काढून गावी पाठवला, तर भावाचं उत्तर आलं, 'फ्रीजमधल्या का?' त्याच्याशी मी आठवडाभर बोलले नाही.

जूनमध्ये उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, शमाल. दातांत वाळू, कानांत वाळू, डब्यातल्या पोळीला वाळू. सगळे जूनला घाबरतात. मी नाही घाबरत. जूनचं ऊन तोंडावर सांगतं, मी तुला भाजणार आहे. माणूस डोकं झाकतो, पाणी पितो, सावली धरतो. मला भीती वाटते ती ऑगस्टनंतर वारा फिरतो त्याची. दक्षिण-पूर्वेकडून समुद्रावरून येणारा ओला वारा, त्याला 'कौस' म्हणतात. तापमान उतरलेलं दिसतं, आकाश मवाळ दिसतं, आणि एसीच्या केबिनमधून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर पाणी जमतं. हा केसानं गळा कापणारा ऋतू आहे.

मी वेंगुर्ल्याची. दमट हवा म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. दोरीवरचे कपडे जसे चार चार दिवस ओलेच राहतात, तसाच अंगावरचा घामही राहतो. घाम सुकला तर माणूस गार होतो. हवाच ओली असली तर घाम सुकत नाही, नुसता गळतो, आणि माणूस आतून तापत जातो. हे मोजायला माझ्याकडे एक यंत्र होतं. तीन पायांचा स्टँड, त्यावर एक साधा तापमापक, एक ओल्या कापडात गुंडाळलेला आणि एक काळा गोळा. तिन्ही मिळून एक आकडा यायचा. तो बत्तीसच्या थोडा वर गेला की काम बंद, मग महिना कुठलाही असो. हा इथला कायदाच आहे. पण लोकांना लक्षात राहतो तो दुसरा नियम, जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी बाहेरचं काम बंद. कारण त्याला तारीख आहे. तारीख ऑफिसात बसून वाचता येते.

आमच्या होडीचा नाखवा अल रुवैसचाच, सत्तरीचा. मुंबईला ये-जा असलेल्या इथल्या जुन्या लोकांसारखा मोडकं मुंबईचं हिंदी बोलायचा. ऑगस्टच्या शेवटी एका पहाटे त्यानं मला दक्षिणेला क्षितिजावर एक तारा दाखवला. "सुहैल," म्हणाला. "ये आया, गर्मी का खलास." मी नीट बघितलं आणि उडालेच. हा तर आमचा अगस्ती! अगस्ती उगवला की ओढ्याचं गढूळ पाणी निवळतं, असं माझे वडील दाखवून सांगायचे. मी नाखव्याला हे सांगितलं, तर तो असा खूश झाला की त्यानं मला थर्मासमधला चहा दिला, जो तो कुणाला देत नसे.

मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला, "लेकिन दिन में नहीं. दिन में अभी एक महीना बहुत खराब." रात्र निवळते, दिवस नाही. अगस्ती बघून माणूस हुरळतो, अंगावरचं धडुतं सैल करतो, आणि तेव्हाच फसतो. हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. ऑफिसला फक्त पंधरा सप्टेंबर ठाऊक होता.

आता सुताराबद्दल सांगते, कारण हे सगळं त्याच्यासाठीच लिहितेय. काँक्रीट ओतायच्या आधी लाकडाचे साचे ठोकावे लागतात, ते काम करणारा हा माणूस बीडकडचा. पंचेचाळिशीचा, बारीक, बोलणं कमी आणि बोललाच तर तिरकं. त्यानं ठोकलेल्या साच्यातून पाण्याचा थेंब गळत नसे. माझ्या हेल्मेटच्या भाषणांना तो कंटाळलेला असायचा, पण पट्टा मात्र पाठ फिरल्यावरही लावलेला. मला मॅडम म्हणायचा. मी मराठी आहे कळल्यावर दोन महिन्यांनी ताई म्हणायला लागला.

घटस्थापनेच्या दिवशी कळलं की यानं कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत घट बसवलाय. रंगाच्या डब्याच्या झाकणात नर्सरीतली पोत्यातली माती, त्यात गहू. बेटावरची माती आधी आणून बघितली होती, पण तिच्यात इतकं मीठ की काही उगवेना. नऊ दिवसांचा उपवास, तोही अळणी. केळी, खजूर, दूध, बिनमिठाचा साबुदाणा. सुपरमार्केटातले भाजके शेंगदाणेसुद्धा नाहीत, त्यांना मीठ लावलेलं असतं.

"अळणी कशाला?" मी विचारलं. "साधा धरा की."

"माझा न्हाईच तो, ताई," तो म्हणाला. "घरवालीचा हाय. लगीन झाल्यापासनं ती धरत होती. मग तिला साखर निघाली. चक्कर येऊन पडली दोनदा. डाक्टर म्हनला, उपास बंद. ती कुटं ऐकती? म्हनून म्या म्हनलो, तू जेव, तुझा मी धरतो. जसाच्या तसा. त्या बोलीवर ऐकलं तिनं. तीन वर्सं झाली."

मला हे फार आवडलं. इतकं आवडलं की माझं डोकं चालायचं थांबलं. आमच्याकडे पाण्याबरोबर क्षारांच्या पुड्या असायच्या, पाण्यात घालून पिण्याच्या, घामावाटे गेलेलं मीठ भरून काढायला. प्रत्येकानं दिवसातून दोन घेतल्याच पाहिजेत हा माझाच नियम. सुतारानं पुडी परत केली, "मीठ हाय त्यात, चालत न्हाई." दुसरा कुणी असता, नेपाळी असता, बिहारी असता, तर मी त्याला सुनावलं असतं, पुडी घे नाहीतर सावलीत बस. याला नाही सुनावलं. देवीचं आहे, आपण कोण बोलणारे, हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं आहे की सुरक्षा अधिकाऱ्याचं जॅकेट घातल्यावरही निघत नाही. उलट मी दुसऱ्या दिवशी घरून लिंबाचं सरबत घेऊन गेले, साखरेचं, बिनमिठाचं, आणि स्वतःवर खूश झाले. उपवासही राहिला आणि पाणीही पोटात गेलं! माझ्या त्या खुशीची मला आजही चीड येते.

पाचव्या माळेचा दिवस. सकाळी साडेनऊलाच कौस सुटलेला. समुद्र तेलासारखा, एक लाट नाही. दहाला मी यंत्राजवळ गेले, आकडा बत्तीसच्या वर. मी फोरमनला म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, "मॅडम, बंदी तो खतम हो गई. एक ही साचा बाकी है, कल कॉंक्रीट का बोट आएगा. आधा घंटा." मी सुताराकडे बघितलं. तो गुडघ्यावर बसून खिळे ठोकत होता, व्यवस्थित, एका तालात. मी म्हटलं, ठीक आहे, अर्धा तास. हे शब्द माझे. कुणी माझा हात पिरगळला नव्हता.

वीस मिनिटांनी त्याचा हातोडा चुकला. मग पुन्हा चुकला. त्या माणसाचा हातोडा मी चुकताना कधी बघितला नव्हता. मी जवळ गेले तर तो मला बायकोच्या नावानं हाक मारून काहीतरी सांगत होता, आणि पोटऱ्यांना असे गोळे आले होते की पॅन्टवरून दिसत होते. मग तो कुशीवर पडला. केबिनमध्ये नेलं, कपडे सैल केले, काखेत बर्फ ठेवला, अंगावर पाणी, पंखा. नाखव्यानं होडी अशी पळवली की तिचं इंजिन त्या दिवसानंतर कधी नीट चाललं नाही. धक्क्यावर रुग्णवाहिका उभी होती. डॉक्टरीणबाईंनी रात्री फोनवर सांगितलं की जिवाला आता धोका नाही, पण रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. पाणी पोटात जात राहिलं, मीठ घामावाटे जात राहिलं. हे ऐकताना मला ते सरबत आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्ट मॅनेजरनं बोलावलं. हा पुण्याचा. एरवी ऑफिसात इंग्रजीच, पण काही गुंडाळायचं असलं की दार लावून मराठी. त्यानं अपघाताचा रिपोर्ट आधीच लिहून ठेवला होता, माझी सही तेवढी राहिली होती. इंग्रजीतलं ते वाक्य असं होतं की कामगार धार्मिक उपवास करत होता आणि त्यानं पुरेसं पेय घेतलं नव्हतं.

"तो पाणी पीत होता," मी म्हटलं. "मी मोजलंय. आणि पुण्याच्या माणसाला कळत नाही का, आपल्या उपवासाला पाणी चालतं ते?"

"मला कळतं हो," तो म्हणाला. "पण क्लायंटला फास्टिंग म्हटलं की लगेच समजतं. त्यांच्या डोळ्यांसमोर रोजा येतो. कुणी पुढे प्रश्न विचारत नाही. विषय खलास."

"आणि माझ्या यंत्राचा आकडा?"

"तो ॲनेक्शरमध्ये टाकू ना. शेवटी." मग आवाज खाली आणून, "अहो, तो आपलाच माणूस आहे. मी त्याचं वाईट करीन का? बरा होईल, परत कामावर घेऊ. उगाच कशाला वाढवता?"

हा माणूस दरवर्षी मंडळाच्या गणपतीला पिवळा झब्बा घालून आरतीला पुढे उभा असतो. गणपतीपुढे टाळ वाजवायला त्याला आपला धर्म लागतो आणि रिपोर्टात दोष ढकलायलाही तोच लागतो. मी हे त्याला म्हटलं. जसंच्या तसं.

त्याचा चेहरा बदलला. "ठीक. मग हेही लिहू का, की आकडा वर असताना अर्धा तास तुम्ही दिला? फोरमननं मला सांगितलंय. आणि सुतार उपवासाला आहे, पुडी घेत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्याला वाटलं, आता ही गप्प बसेल. खरं सांगायचं तर क्षणभर बसलेही असते. नवऱ्याचं काम त्या वर्षी डळमळीत होतं, मुलीची दहावी. पण मग असं झालं की त्याच्या तोंडून ती दोन वाक्यं शेजारी शेजारी ऐकल्यावर मलाच सगळं स्पष्ट दिसलं. सुताराला त्याचा उपवास माहीत होता, आकडा माहीत नव्हता. फोरमनला आकडा माहीत होता, उपवासाचा अर्थ माहीत नव्हता. दोन्ही गोष्टी माहीत असलेली त्या बेटावर मी एकटी होते. बेरीज मी करायची होती.

"लिहा," मी म्हटलं. "नाही, तुम्ही नका. द्या इकडे, मीच लिहिते."

आणि लिहिलं. त्याच्याच टेबलावर, त्याच्याच पेनानं, आधी हातानं, मग टाइप करून. वाऱ्याची दिशा, दहाचा आकडा, मी दिलेला अर्धा तास. कामगार नियमित पाणी पीत होता. तो मीठ घेत नाही हे मला पाच दिवस माहीत होतं, तरी मी त्याला उन्हातून हलवलं नाही. बेटावर यायच्या आधी तीन वर्षं तोच उपवास त्यानं कंपनीच्या वर्कशॉपच्या सावलीत केला आणि त्याला काही झालं नव्हतं. पडण्याचं कारण, बंदी उठल्याच्या तारखेवर विसंबून दमट हवेत चालू ठेवलेलं काम. खाली सही. मॅनेजर म्हणाला, यात तुमचं नुकसान आहे. मी म्हटलं, असू दे, माझं आहे ना. पुढे मला ताकीद मिळाली आणि बढतीच्या यादीतून नाव गेलं. पण त्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये आकडा वर गेला की काम थांबायचं, आणि फोरमन माझ्याशी अर्ध्या मिनिटासाठीही घासाघीस करायचा नाही.

त्याच दिवशी दुपारी मी हॉस्पिटलात गेले. सुतार उशीला टेकून बसलेला, हातात सलाईनची सुई, चेहरा उतरलेला पण डोळे जागेवर.

"ताई, उपास मोडला न्हाई बरं का," हे त्याचं पहिलं वाक्य.

"मोडला नाही कसा? ही बाटली मिठाचीच आहे."

"शिरंतनं गेलंय. तोंडातनं न्हाई." त्यानं बाटलीकडे अशा नजरेनं बघितलं, जणू तिला पुरतं हरवलंय. "जिभंला मीठ लागलं तर उपास मोडतो. शिरंला काय चव कळती व्हय?"

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. मी स्टुलावर बसले आणि त्याला सगळं सांगितलं, मॅनेजरचं वाक्य, माझं वाक्य, सही. पुढच्या वर्षी अळणी धरायचा असेल तर मी तुम्हाला साइटवर पाऊल टाकू देणार नाही, हेही सांगितलं. तो "ते तवा बघू" म्हणाला. पण सहीचं ऐकून त्यानं डोळे मिटले.

"लई घोळ झालाय, ताई," तो म्हणाला. "कॅम्पातल्या एकानं काल गावाकडं फोन केला. उपासानं पडला म्हनून सांगितलं. हापिसातनंच तसं कळलं म्हनं. तवापासनं ती फोनवर नुस्ती रडती. म्हनती, माझं मी दुसऱ्याच्या गळ्यात घातलं म्हनून देवी कोपली. आता माझा उपास मला परत दे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? उनानं पडलो म्हनलं. तिला वाटतं, मी तिची समजूत काढतोय." त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "तुमी बोला. तुमी हापिसातल्या हाव. तुमचं खरं वाटंल."

त्यानं नंबर लावला. एका घंटीत उचलला गेला, म्हणजे ती बाई फोन हातात घेऊनच बसली होती. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, तुमचे यजमान समोर बसलेत, धडधाकट आहेत, माझ्याशी वाद घालतायत.

"उपासानंच झालं ना, बाई?" तिचा आवाज घोगरा होता. "खरं सांगा. मला फशिवू नगा."

"नाही," मी म्हटलं. "माझ्यामुळं झालं."

आणि तिनं काही विचारायच्या आत पुढचं सांगितलं.

"इथे हवा ओली झाली की काम थांबवायचं असतं. ते थांबवायचं काम माझं. मी नाही थांबवलं. त्यांनी मीठ सोडलंय हे मला ठाऊक होतं, तरी त्यांना उन्हात बसू दिलं. उपवास त्यांनी तीन वर्षं केला, काही झालं का? यंदा मी चुकले. देवी नाही चुकली, तुम्ही नाही, ते नाहीत."

"हे तुमी असंच बोलताय."

"लेखी दिलंय मी. कंपनीत. माझ्या नावानं, सही करून."

"सही करून?"

"हो."

तिच्या शेजारी कुणाचं तरी लहान मूल काहीतरी मागत होतं, तिनं त्याला गप्प केलं. मग तिचा आवाज बदलला. रडं गेलं आणि त्याच्या जागी जे आलं ते मला माझ्या आईच्या आवाजात पुष्कळदा भेटलं होतं.

"मग लाज वाटाया पायजे तुमाला."

"वाटते," मी म्हटलं.

"मानूस हाय का जनावर हाय त्ये? मिठाबिगर राबतंय म्हाईत असून उनात घालता? शिकलेल्या बाया तुमी!"

"बरोबर आहे तुमचं."

सुतार पलंगावरून हातानं खुणा करत होता, पुरे, पुरे. मी त्याच्याकडे पाठ केली. मला ते सगळं ऐकायचं होतं. आणि ऐकता ऐकता एकदम माझ्या लक्षात आलं की हा आवाज नुसता रडण्यानं घोगरा झालेला नाही.

"तुम्ही कधीपासून उपाशी आहात?" मी विचारलं.

"काल फोन आला तवापासनं," ती म्हणाली.

"औषधाची गोळी?"

"उपाशी पोटी घ्यायची नसती ती."

साखरेची बाई, कालपासून उपाशी, गोळी नाही. "हे बघा," मी म्हटलं, "उपवास त्यांच्याकडे आहे. मोडलेला नाही, ते स्वतः सांगतायत, कसा मोडला नाही ते तुम्हाला नंतर समजावतील. एक उपवास दोघांनी धरायचा नसतो. घरात काय आहे?"

"सकाळची भाकर हाय."

"मग घ्या ती. मी फोन ठेवत नाही. तुम्ही खा, आणि खाताना मला हवं ते बोला."

भांड्याचा आवाज झाला. झाकण बाजूला ठेवल्याचा. सुतार पुढे वाकून माझ्याकडे बघत होता. मग पहिला घास तोंडात ठेवून तिनं मला पुन्हा झाडायला सुरुवात केली, आणि मी तिला एकदाही थांबवलं नाही.